पाळलेल्या शेळीचं नको असलेलं दूध कसं आटवायचं

शेळी दुधासाठी पाळलेली नाही, तरी कास भरून आली आहे. करडांचं दूध तोडल्यावर असं होतं, करडू दगावल्यावर होतं, आणि कधी कधी तर आयुष्यात एकदाही न व्यालेल्या शेळीलाही होतं. अशा वेळी माणसाचा हात आपोआप सडाकडे जातो. बिचारीला हलकं वाटेल, थोडं काढून टाकू, असं वाटतं. पुष्कळ घरांतलं न आटणारं दूध याच थोड्याशा धारेवर महिनोन्महिने चालू राहिलेलं असतं.

कास रिकामी झाली की दूध बनवणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात. भरलेली राहिली की आतला दाब आणि साठलेल्या दुधातलेच काही घटक त्या पेशींचं काम मंदावतात, आणि मग शरीर ते दूध हळूहळू शोषून घेतं. त्यामुळे बहुतेक वेळा काम एवढंच असतं: खुराक कमी करायचा, कास स्वच्छ ठेवायची, हात लावायचा नाही. हात कधी लावावाच लागतो आणि नुसतं बघत बसणं कधी महागात पडतं, ते ओळखणं मात्र अवघड आहे. या लेखाचा मोठा भाग त्यासाठीच आहे.

हाताशी काय हवं

- डिजिटल थर्मामीटर (गुदद्वारात लावायचा, शेळीसाठी वेगळा ठेवलेला) आणि थोडं व्हॅसलीन
- एकदा वापरून टाकायचे हातमोजे
- सड बुडवायचं जंतुनाशक, म्हणजे टीट डिप: ०.५ ते १ टक्का आयोडीनचं किंवा क्लोरहेक्सिडीनचं
- ते ओतायला छोटा कप, आणि कागदी रुमाल
- ७० टक्के अल्कोहोल आणि कापूस
- आतून काळी किंवा गडद रंगाची वाटी, दूध तपासायला
- खुराक मोजायला वजनकाटा
- एक वही

टीट डिप मिळालं नाही तर १० टक्के पोव्हिडोन आयोडीन चालतं. त्यात प्रत्यक्ष उपलब्ध आयोडीन सुमारे १ टक्काच असतं. मात्र त्यात कातडी मऊ ठेवणारा घटक नसतो, त्यामुळे जास्त दिवस वापरल्यास सडाला भेगा पडू शकतात. ऑपरेशनआधी हात धुवायला वापरतात ते फेसाळ आयोडीन वेगळं. त्यात साबण असतो, ते सडाला लावू नका.

वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: शेळीचं वय, शेवटचं वेत कधी झालं (झालं असेल तर), शेवटचा माज कधी दिसला, गेल्या पाच महिन्यांत ती कुठल्या नराजवळ होती, रोज काय आणि किती खाते, कुठली औषधं चालू आहेत. पशुवैद्य हेच प्रश्न विचारतील. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अंतरावरून, मागच्या बाजूने कासेचा एक फोटो काढा. कास वाढते आहे की उतरते आहे, हे डोळ्यांच्या आठवणीवर सोडलं तर घरातली दोन माणसं दोन उत्तरं देतात.

१. आधी ती गाभण नाही याची खात्री करा

ही पायरी सगळ्यांत जास्त वगळली जाते, आणि वगळल्यावर सगळ्यांत जास्त नुकसान हीच करते. शेळीचा गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा असतो आणि विण्याआधी काही आठवडे कास भरायला लागते. त्या कासेतून धार काढली तर करडांसाठी तयार होत असलेला चीक वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे, शेवटच्या महिन्यात दूध आटवायचं म्हणून खुराक तोडला तर शेळीला गाभणपणातलं किटोसिस होऊ शकतं, म्हणजे उपासमारीने शरीर स्वतःची चरबी जाळू लागतं आणि त्यातून रक्तात विषारी घटक साठतात. पोटातली करडं आणि शेळी, दोन्ही त्यात जातात.

“आमच्याकडे बोकड नाही” हे पुरेसं उत्तर नाही. नर करडू तीन-चार महिन्यांचं असतानाही शेळी लावू शकतं, आणि ते तिचं स्वतःचं पिल्लू असलं तरी फरक पडत नाही. नुकत्याच खच्ची केलेल्या बोकडातही काही आठवडे जिवंत बीज शिल्लक राहू शकतं. तीन-चार महिन्यांची पाठही (मादी करडूही) गाभण राहू शकते.

खात्रीसाठी दोन मार्ग आहेत. पोटावरून केलेली सोनोग्राफी साधारण महिन्याभरानंतर चांगलं उत्तर देते. दुसरा मार्ग रक्ताची किंवा दुधाची गर्भ-प्रथिन चाचणी. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या (गाभणपण टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या) चाचणीवर विसंबू नका. खोट्या गाभणपणातही (त्याबद्दल पुढच्या पायरीत) प्रोजेस्टेरॉन वाढलेलंच असतं, त्यामुळे खरं आणि खोटं त्यातून वेगळं काढता येत नाही. शक्य असेल तर सोनोग्राफीच करा, कारण पुढच्या पायरीतलं निम्मं उत्तरही तिच्यातच मिळतं.

२. दूध कशामुळे आलं ते ओळखा

*व्यायल्यानंतरचं दूध.* करडं तोडली, विकली किंवा दगावली आणि मागणी थांबली, पण कारखाना चालू आहे. हे सगळ्यांत सोपं. काही शेळ्या एकदा व्याल्यावर पुन्हा न लागताही दोन-दोन वर्षं दूध देत राहतात, हे माहीत असू द्या. रोज कोणीतरी पिळत असेल तर दूध आपोआप थांबायची वाट बघण्यात अर्थ नाही.

*न व्यालेल्या शेळीची कास.* सानेन, टोगेनबर्ग, अल्पाइन अशा दुधाळ जातींत आणि त्यांच्या संकरांत हे जास्त दिसतं. दुधाची आनुवंशिक ताकद इतकी असते की गर्भाशिवायही कास सुटते. दिवस मोठे होऊ लागले की ती फुगणं आणि दिवस लहान झाले की उतरणं, असंही काहींच्या बाबतीत दरवर्षी होतं. कास मऊ असेल, दोन्ही बाजू सारख्या असतील, शेळी खात-पीत असेल, तर इथे कुठलाही उपचार लागत नाही.

*खोटा गाभणपणा.* अंडाशयातला पीतपिंड (प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) विरघळायचा तो विरघळत नाही, प्रोजेस्टेरॉन चालूच राहतं आणि गर्भाशयात पाणी साठत जातं. शेळी माजावर येत नाही, पोट वाढतं, कधी कासही भरते. मग एके दिवशी शेपूट आणि मागचे पाय ओलेचिंब, अंथरूण भिजलेलं आणि पोट उतरलेलं दिसतं. पाणी काही लिटर असू शकतं. त्यानंतर काही शेळ्या करडू शोधत ओरडत फिरतात आणि दूध उतरतं. सोनोग्राफीत गर्भाशयात काळं पाणी आणि पातळ पडदे दिसतात, पण करडू नाही आणि वारेच्या गाठीही नाहीत. मात्र अचानक पाणी गेलेलं दिसलं तर तो गर्भपातही असू शकतो, आणि शेळीच्या गर्भपाताची काही कारणं माणसाला लागतात. हातमोजे घालूनच साफसफाई करा. घरात गर्भवती बाई असेल तर तिला तिथे फिरकू देऊ नका.

*चाऱ्यातून किंवा औषधातून.* बुरशी लागलेल्या मक्यात आणि धान्यात झिअरालेनोन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते शरीरात मादी संप्रेरकासारखं वागतं. लसूणघास आणि क्लोव्हरमध्येही त्या जातीचे सौम्य घटक असतात. एकाच वेळी दोन-तीन न व्यालेल्या शेळ्यांच्या कासा सुटल्या तर पहिला संशय खुराकाच्या पोत्यावर घ्या. एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: घरात कोणी इस्ट्रोजेनचं, म्हणजे मादी संप्रेरकाचं, मलम किंवा जेल अंगाला लावत असेल, तर ते कातडीवरून पाळीव जनावरात जाऊ शकतं. कुत्र्या-मांजरांत हे दिसलेलं आहे. अंगाखांद्यावर खेळणाऱ्या शेळीबद्दलही विचार करायला हरकत नाही.

*बोकडाची कास.* हो, असते. दुधाळ वंशाच्या बोकडाला सडांपाशी छोटी कास सुटते आणि त्यात दूधही येतं. पिळू नका. तापली, दुखली किंवा एकाच बाजूला वाढली तर दाखवा, कारण कासदाह (कासेला जंतूंमुळे येणारी सूज, म्हणजेच दगडी) बोकडालाही होतो.

वयस्क, कधीच न व्यालेल्या शेळीची कास एकाएकी, एकाच बाजूला, टणक वाढत असेल तर गाठीचा विचार आधी करावा लागतो. तिथे घरगुती आटवणं चालू करू नका.

३. कास नीट तपासा

शेळीला भिंतीला लावून उभी करा, पुढ्यात थोडा चारा ठेवा. बसलेल्या किंवा धडपडणाऱ्या शेळीची कास तपासून काही कळत नाही. हात धुवा, नखं कापलेली असू द्या.

आधी मागून बघा. दोन्ही भाग सारखे आहेत का? शेळीला कासेचे दोनच भाग आणि दोनच सड असतात. थोडाफार फरक जन्मजात असतो, नवा फरक मात्र महत्त्वाचा. मग तळव्याने दोन्ही भाग एकाच वेळी धरा आणि तापमानाची तुलना करा. एका हाताने आधी एक, मग दुसरा, असं केल्यास फसगत होते. नंतर बोटांनी वरून खाली चाचपा. दुधाने भरलेली कास घट्ट असली तरी लवचिक लागते, फुगवलेल्या फुग्यासारखी. दगडीची कास कणकेच्या गोळ्यासारखी किंवा थेट दगडासारखी लागते, आणि शेळी पाय झाडते.

व्यालेल्या शेळीच्या बाबतीत प्रत्येक बाजूच्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढून बघता येतात. गाठी, धागे, पाण्यासारखं पातळ दूध, रक्त, घाण वास, यातलं काहीही दिसलं तर आटवणं थांबवा आणि पशुवैद्याला बोलवा. आटत आलेल्या कासेतला घट्ट, चिकट, मधाच्या रंगाचा द्रव मात्र साधारण असतो. त्याला पू समजून पुष्कळ जण घाबरतात.

न व्यालेल्या शेळीच्या सडातून कुतूहलापोटी थेंबही काढू नका. सडाच्या तोंडाशी केराटिनचं एक नैसर्गिक बूच असतं. जंतूंना अडवणारं तेच पहिलं दार. एकदा पिळलं की ते निघतं, आणि आतापर्यंत निरोगी असलेली कास जंतूंना मोकळी होते. तिथे नमुना फक्त आजाराची लक्षणं असतील तरच, आणि शक्यतो पशुवैद्याच्या हातून घ्यायचा.

सीएमटी किट (दुधात द्रव मिसळून, ते घट्ट होतं का यावरून कासदाह ओळखायची चाचणी) असेल तर एक सावधगिरी: शेळीच्या दुधात पेशी आणि पेशींचे कण गाईच्या दुधापेक्षा मुळातच जास्त असतात, त्यामुळे हलकासा घट्टपणा निरोगी शेळीतही दिसतो. दोन बाजूंत ठळक फरक आहे का, एवढंच त्यातून बघा.

शेवटी ताप. साधारण ३८.५ ते ३९.७ अंश सेल्सियस, म्हणजे १०१.३ ते १०३.५ फॅरनहाइट. भर उन्हात थोडा जास्त येतो, म्हणून सकाळी मोजा.

४. हात लावायचा की नाही, ते ठरवा

- न व्यालेली शेळी, कास मऊ, ताप नाही: काही करू नका. खुराक तपासा, रोज बघा.
- न व्यालेली शेळी, कास घट्ट पण थंड, खाणं नीट: खुराक कमी करा, तरीही पिळू नका.
- व्यालेली, दिवसाला साधारण एक लिटरच्या आत दूध: एकदम बंद करा.
- व्यालेली, त्याहून बरंच जास्त दूध: आधी दूध खाली आणा, मग बंद करा.
- कास गरम, लाल, दुखरी, किंवा ताप: आटवणं नाही, उपचार.

शेवटच्या ओळीत नियम पूर्ण उलटा होतो. दगडी झालेल्या भागातलं दूध साठू द्यायचं नसतं. पशुवैद्य सांगतील तितक्या वेळा तो भाग रिकामा करावा लागतो, कारण जंतू आणि त्यांचं विष त्या दुधातच असतं. “पिळू नका” हा सल्ला पाठ करून दगडीलाही लावणं हा नवख्यांचा सगळ्यांत धोकादायक गोंधळ आहे.

५. खुराक कमी करा, पाणी नाही

दूध धान्यावर आणि हिरव्या लुसलुशीत चाऱ्यावर बनतं. भरडा, पेंड, गोळी खाद्य जे काही चालू असेल ते वजन करून पाच ते सात दिवसांत शून्यावर आणा. ४०० ग्रॅम चालू असेल तर दोन दिवस ३००, दोन दिवस २००, दोन दिवस १००, मग बंद. लसूणघास असेल तर त्याच्या जागी हळूहळू साधं वाळलं गवत द्या. दूध न देणाऱ्या, न वाढणाऱ्या प्रौढ पाळीव शेळीला चांगलं गवत आणि खनिज मीठ सहसा पुरतं. मुळात पुष्कळ पाळीव शेळ्यांना धान्य लाडापोटी मिळत असतं, आणि कासेचं कोडं सुटतं ते त्या लाडाचा डबा बंद झाल्यावर.

गवत तोडायचं नाही. शेळीला दिवसाला वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ४० किलोच्या शेळीला ८०० ग्रॅम ते सव्वा किलो. चघळायला दिवसभर पुढ्यात असला तर उत्तम.

पाणी तोडल्याने दूध लवकर आटतं, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. ऐकू नका. पाणी तोडलं की शेळी चारा कमी खाते, पोट बसतं, उन्हात तर जिवावर बेततं.

लठ्ठ शेळीच्या बाबतीत जपून. छातीच्या हाडावर चरबीची गादी हाताला लागत असेल, कमरेची हाडं चाचपून सापडत नसतील, तर अशा शेळीला एकाएकी उपाशी ठेवलं की चरबी यकृतात जाते आणि ती आजारी पडते. तिचा खुराक दोन आठवडे घेऊन उतरवा. दोन दिवस गवताकडेही पाठ फिरवली तर थांबा आणि दाखवा.

६. दूध बंद करा

*एकदम बंद.* शेवटची धार पूर्ण काढा, सडं बुडवा, आणि मग सोडून द्या. एवढंच.

*टप्प्याने बंद.* दिवसाला दोन-तीन लिटर देणाऱ्या शेळीसाठी साधारण असं वेळापत्रक चालतं:

- दिवस १ ते ४: दोन वेळा धार चालू, खुराक निम्म्यावर
- दिवस ५ ते ९: दिवसातून एकदा, खुराक शून्यावर
- दिवस १० ते १४: एक दिवसाआड, जास्तीत जास्त तीन वेळा
- शेवटची धार पूर्ण, मग बंद

दिवसाआडची पायरी लांबवू नका. पंधरा-पंधरा दिवस “अधूनमधून” पिळत राहिलं की कास ना चालू ना बंद, आणि सडाचं तोंड मात्र प्रत्येक वेळी उघडतं. दूध लिटरभरावर आलं की धीर करून थांबलेलं बरं.

पान्हा हा सवयीचाही खेळ आहे. भांड्याचा आवाज, धार काढायची जागा, धार काढणाऱ्या माणसाची चाहूल, करडाचं ओरडणं, एवढ्यानेही शेळी पान्हावते. त्या दिवसांत चारा वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी द्या. कास चोळू नका, गरम पाण्याने शेकू नका. दोन्हीने पान्हा सुटतो. दिलासा द्यायचाच असेल तर थंड पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं धरा आणि नंतर कास कोरडी पुसा. बर्फ थेट लावू नका.

करडं गोठ्यातच असतील तर ती पूर्ण वेगळी करा. जाळीतून तोंड घालून पिणारं करडू सगळं वेळापत्रक उधळतं. किमान तीन-चार आठवडे वेगळी ठेवा. महिन्याभराने एकत्र केल्यावर मोठं झालेलं करडू पुन्हा सडाला तोंड लावतं का, हेही बघा.

पशुवैद्य कधी कधी शेवटच्या धारेनंतर सडात भरायची प्रतिजैविकाची ट्यूब सुचवतात, मुख्यतः आधी दगडी होऊन गेलेल्या शेळीला. प्रत्येक बाजूला वेगळी ट्यूब, सडाचं टोक अल्कोहोलच्या कापसाने पुसून, आणि नळीचं टोक फक्त काही मिलिमीटर आत. पूर्ण नळी खुपसली तर तेच केराटिनचं अस्तर खरवडलं जातं. स्वतःच्या मनाने, “असू दे खबरदारी” म्हणून ही ट्यूब भरू नका. न व्यालेल्या कासेत तर नाहीच.

७. पहिले दहा दिवस

पहिले तीन दिवस कास बघवत नाही. चकाकते, सडं बाहेरच्या बाजूला ताठ होतात, शेळी मागचे पाय फाकवून चालते, थोडी कुरकुरते. याच वेळी माणसं हार मानून पिळतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ती खात असेल, रवंथ करत असेल, कास गरम नसेल, तर थांबा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून घट्टपणा उतरू लागतो. दोन ते चार आठवड्यांत कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. पूर्वीइतकी लहान ती प्रत्येक वेळी होत नाही, आणि व्हायलाच हवी असंही नाही.

पहिला आठवडाभर दिवसातून दोनदा सडं बुडवा, अंथरूण कोरडं ठेवा. दूध आपोआप ठिबकत असेल तर सडाचं तोंड उघडं आहे असं समजा आणि कोरडेपणाबद्दल दुप्पट काटेकोर राहा.

चौथ्या दिवसानंतरही कास वाढतच असेल किंवा शेळीला बसता-उठता येत नसेल तर दाब थोडा कमी करता येतो. हातमोजे घाला, सड अल्कोहोलने पुसून वाळू द्या, मुठीने दाबून धार काढा. सड खाली ओढायचं नाही. कातडीचा ताण सैल झाला की थांबा. कास निम्मी भरलेलीच राहिली पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या हलक्या करा आणि सडं बुडवा. नंतर अर्धा तास शेळी बसू नये म्हणून पुढ्यात चारा टाका, कारण धार काढल्यावर सडाचं तोंड बंद व्हायला तेवढा वेळ लागतो. हे एकदा, फार तर दोनदा. त्याहून जास्त लागतंय म्हणजे खुराक किंवा चोखणं, यांपैकी काहीतरी निसटलं आहे.

त्याच दिवशी पशुवैद्य बोलवायची लक्षणं:

- एक बाजू गरम, लाल, टणक, हात लावू देत नाही
- ताप ४० अंशांच्या (१०४ फॅरनहाइट) वर आणि खाणं बंद
- एका मागच्या पायाने लंगडणं. पुष्कळदा दुखणं पायात नसतं, कासेत असतं
- दुधात रक्त, गाठी, तांबूस पाणी

आणि तासांत धावायचं लक्षण एकच: कासेचा भाग थंड, निळसर किंवा काळपट. हा गँगरीनचा कासदाह. यात ताप आधी चढतो आणि मग साधारणच्या खालीही जातो, म्हणून “ताप नाही, म्हणजे बरं आहे” असं समजू नका.

८. चोखणारं कोणी आहे का, ते शोधा

सगळं नीट करूनही दूध आटत नसेल तर बहुतेक वेळा कोणीतरी पितं आहे. सडं ओली, स्वच्छ आणि गुलाबी दिसतात, कास सकाळी एका बाजूने रिकामी असते. दुसरी शेळी असेल, मोठं करडू असेल, किंवा ती स्वतःच. लवचिक शेळ्या मान वळवून स्वतःचं सड चोखतात. एक रात्र मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवला तर वाद मिटतो.

दुसरी चोखत असेल तर वेगळी बांधा. स्वतः चोखत असेल तर मान मागे वळू नये असा रुंद, कडक पट्टा गळ्यात घाला, पण तिला खाता-पिता आणि खाजवता आलं पाहिजे. कासेची कापडी पिशवीही मिळते. ती रोज काढून धुवा. आत ओल राहिली तर चोखण्याच्या त्रासापेक्षा कातडीचा त्रास मोठा होतो. सडांना कडू लेप लावून भागेल, अशी आशा ठेवू नका. शेळीच्या जिभेला कडू म्हणजे शिक्षा नव्हे.

९. पुन्हा पुन्हा येणारं दूध

खोटा गाभणपणा असेल तर पशुवैद्य प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात. पीतपिंड विरघळतो आणि पाणी बाहेर पडतं. साधारण बारा दिवसांनी दुसरं दिलं तर गर्भाशय जास्त नीट रिकामं होतं. गाभण शेळीला हेच इंजेक्शन दिलं तर गर्भपात होतो, म्हणून पहिली पायरी. ते औषध कातडीतूनही शोषलं जातं. गर्भवती स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी त्या सिरिंजला हात लावू नये.

“एकदा विऊ द्या, सगळं ताळ्यावर येईल” हा सल्लाही फिरतो. व्यायल्यावर मिळतं ते भरपूर दूध आणि वर दोन करडं.

प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, दाबणारं कॅबरगोलिन काही पशुवैद्य अडलेल्या वेळी वापरतात. ते शेळ्यांसाठी मंजूर औषध नाही. युरोपात दूध आटवायला गाईंसाठी आलेलं कॅबरगोलिनचं इंजेक्शन गाई आडव्या पडू लागल्याने आणि काही दगावल्याने २०१६ मध्ये थांबवलं गेलं. माणसांच्या गोळ्या आणून अंदाजाने देणं तर दूरच.

खोटा गाभणपणा दर हंगामात उलटत असेल आणि शेळीपासून करडं नकोच असतील, तर अंडाशय काढण्याबद्दल विचारा. त्याने पाणी साठणं थांबतं, पण आधीच चालू असलेलं दूध लगेच थांबेलच असं नाही. पूर्ण कास काढण्याची शस्त्रक्रिया शेवटची. कासेला येणाऱ्या रक्तवाहिन्या जाड असतात, रक्तस्राव मोठा होतो, जखम भरायला आठवडे जातात. गँगरीन, न भरणारे गळू, गाठ, किंवा जमिनीला घासून जखमी होणारी कास असेल तरच तिचा विचार करतात. दिसायला बरी नाही, हे कारण पुरेसं नाही.

एखादी शेळी कशालाच दाद देत नाही. मग रोज ठरलेल्या वेळी एकदाच, पूर्ण आणि स्वच्छ धार काढत राहणं, हा मार्गही खुला आहे. कधी काढायचं, कधी नाही, असा लपंडाव तिच्या कासेला जास्त घातक. ते दूध वापरायचं असेल तर उकळून. औषध चालू असेल, तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ओतून द्या. करडांनाही पाजू नका.